पहिला ओव्हरक्लॉक पीसी : प्रोसेसर आणि रॅम ठरवायला मदत हवी (कोल्हापूर)

पाचगावकर

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजवर लॅपटॉपवर भागवलं, आता स्वतःच्या हातानं पीसी जोडायचाय. भावानं त्याचं जुनं आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) ग्राफिक्स कार्ड दिलंय. १४४ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर, कॅबिनेट आणि ६५० वॅटचा सप्लाय घरात येऊन पडलाय. प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि कूलर राहिलंय. हे सगळं ७० हजारांच्या आत बसवायचं आहे.

दिवसा सॉलिडवर्क्स आणि थोडं ब्लेंडर, रात्री व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २.

ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर-रॅम कंपनीनं ठरवलेल्या वेगाच्या वर चालवणं, मला खरंच शिकायचंय. बायोसमध्ये (बोर्डाची मूळ सेटिंग असतात तिथं) एक बटण दाबलं आणि झालं, असं नको. कुठला आकडा हलवला की काय होतं, ते समजून करायचंय. डोक्यात दोन जोड्या आहेत:

आय५-१४६००के, झेड७९० बोर्ड, डीडीआर५-७२००
किंवा
रायझन ५ ७६००एक्स, बी६५० बोर्ड, डीडीआर५-६०००

राजारामपुरीत चौकशी केली तर "रॅमचा मोठा आकडा बघून घ्या" एवढंच ऐकायला मिळालं. ७२०० हे ६००० पेक्षा मोठं आहे हे मलाही दिसतंय, पण त्यानं नेमकं काय मिळतं?

रंकाळा_व्ह्यू

भावा, १४६००के घे. ६ मोठे कोअर, ८ छोटे, एकूण २० थ्रेड, म्हणजे एका वेळी २० कामं. ब्लेंडरचा रेंडर लावलास की ७६००एक्सचे १२ थ्रेड मागं पडतात. शिवाय मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला ज्यानं गुणून कोअरचा वेग ठरतो तो आकडा) उघडा असल्यामुळं ओव्हरक्लॉकिंगची जुनी सरळ पद्धत शिकायला मिळते: एक पायरी वर, थोडं व्होल्टेज, टेस्ट, पुन्हा एक पायरी. मोठे कोअर वेगळे, छोटे वेगळे, त्यांना जोडणारी रिंग वेगळी. खेळायला लई जागा आहे त्यात. आणि इंटेलवर ७२०० रॅम चालते, हेही खरं.

सोल्डरगन

शाहूपुरीत दुरुस्तीचं काम करतो, रोज चार बोर्ड हाताखालून जातात म्हणून लिहितोय.

१४६००के वाईट प्रोसेसर नाही. पण पहिल्या ओव्हरक्लॉकसाठी मी तो देणार नाही. एक तर मल्टिप्लायर हलवायचा तर झेड मालिकेचाच बोर्ड लागतो. बी७६० वर रॅम वाढवता येते, कोअर नाही. कंपनीच्याच आकड्यांत त्याची टर्बोतली कमाल १८१ वॅट आहे, आणि त्यावर आपण अजून चढवणार. म्हणजे कूलर मोठा आला, बोर्डाचं व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) तगडं आलं. तुझ्या ७० हजारांतला बराच भाग तिथंच संपतो आणि रॅमवर तडजोड करावी लागते.

दुसरं, १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचा अस्थिरतेचा प्रश्न. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यानं हळूहळू झिजत होते. इंटेलनं २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना, बायोस अपडेटमधून येतात) दिला, आधी ०x१२९ आणि मग ०x१२बी, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. आता कुणी घेतलाच तर विंडोज टाकायच्या आधी बायोस अपडेट करावा, बाकी सगळं नंतर. पण नव्यानं शिकणाऱ्याचा पीसी मध्येच बंद पडला की त्याला कळणार कसं, की आपलं सेटिंग चुकलं का चिपच झिजलेली आहे? शिकताना पायाखालची जमीन घट्ट पाहिजे.

तिसरं, एलजीए१७०० ला, म्हणजे १४६००के च्या सॉकेटला, पुढं वाट नाही. रायझनच्या एएम५ सॉकेटला एएमडीनं २०२७ आणि त्यापुढंही साथ द्यायचं सांगितलंय.

टायमिंगवाली

मूळची मंगळवार पेठेतली, नोकरीला पुण्यात. रॅम हा माझा आवडीचा विषय, त्यामुळं जरा लांबलचक लिहिते.

"मोठा आकडा बघा" हा सल्ला अर्धाच आहे. ६००० किंवा ७२०० म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहितीची ने-आण होते ते. पण प्रोसेसरनं काही मागितल्यावर पहिला तुकडा हातात यायला किती वेळ लागतो, ते वेगासोबत सीएलच्या (कॅस लेटन्सी, घड्याळाचे किती ठोके थांबायचं त्या) आकड्यावर ठरतं. हिशेब सोपा आहे: सीएलला २००० नं गुणायचं आणि रॅमच्या वेगानं भागायचं. उत्तर नॅनोसेकंदात.

६००० सीएल३० : १० नॅनोसेकंद
६००० सीएल३६ : १२
५२०० सीएल४० : १५.४
७२०० सीएल३४ : ९.४

आणि जुनी डीडीआर४-३२०० सीएल१६? तीही बरोबर १०. म्हणजे नुसतं डीडीआर५ म्हणून कुठलीही स्वस्त ५२०० उचलली तर उशिराच्या बाबतीत आपण चक्क मागं जातो.

आता रायझनची गोष्ट वेगळी का आहे ते बघ. रायझन ७००० आणि ९००० मध्ये मेमरी कंट्रोलर आणि रॅम एकाच तालात, १:१ मध्ये चालले तर उशीर कमी राहतो. ६००० ची रॅम म्हणजे प्रत्यक्षात ३००० मेगाहर्ट्झचं घड्याळ, आणि कंट्रोलरलाही ३००० वर धावावं लागतं. तिथवर जवळजवळ सगळे प्रोसेसर जातात. ६२०० बऱ्याच वेळा जमतं, ६४०० नशिबाचा भाग. त्याच्या वर बोर्ड सहसा १:२ वर उतरतो, म्हणजे कंट्रोलर अर्ध्या वेगानं चालतो. मग ७२०० ची महाग किट लावूनसुद्धा गेममध्ये ६००० सीएल३० च्या पुढं जाईलच असं नाही. म्हणून रायझनला डीडीआर५-६००० सीएल३० हेच घ्यावं, असं मी ठामपणे सांगते.

पाकिटावर टायमिंगचे, म्हणजे रॅमला किती थांबावं लागतं त्याचे, चार आकडे असतात, पहिला सीएल. ३०-३६-३६-७६ किंवा ३०-३८-३८-९६ अशी किट बघ, आणि त्यावर एक्स्पो (पाकिटावरचा वेग आणि टायमिंग एकदम लावणारं एएमडीचं प्रोफाइल) लिहिलेलं असू दे. ६००० सीएल३० च्या किटमध्ये बहुधा हायनिक्स कंपनीच्या चिप असतात, त्या पुढं टायमिंग घट्ट करायला दाद देतात. सीएल३६ मध्ये कुठली चिप निघेल याचा भरवसा नाही. बोर्ड कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाला तपासलेल्या रॅमची यादी असते, तीत किटचा पूर्ण मॉडेल नंबर शोध. नुसतं ब्रँडचं नाव जुळून उपयोग नाही.

जुनाजाणता

वाचून बरं वाटलं. आमच्या वेळचं एक सांगतो, कारण त्यावरून आजचा निर्णय सोपा होईल.

१९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला होता. त्याचा मल्टिप्लायर ४.५ ला कुलूपबंद. पण बोर्डावर बस (बोर्डाचं मूळ घड्याळ) ६६ ची १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चालायचा, आणि भरपूर चिप तसं बिनतक्रार चालायच्या. दीडपट वेग, वरचा पैसा शून्य. ओव्हरक्लॉकिंगचं वेड त्या पिढीला तिथून लागलं.

आज ते दिवस नाहीत. प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या मर्यादेच्या काठावर येतो. टर्बो, बूस्ट ही सगळी तीच करामत, कंपनीनं आधीच केलेली. त्यामुळं कोअर ओढून आता चार-पाच टक्के मिळाले तरी पुष्कळ. जे काही राखीव उरलंय ते रॅममध्ये आणि व्होल्टेज कमी करण्यात. पाचगावकर, तुला शिकायचंच असेल तर पैसा आणि वेळ दोन्ही तिथं घाल. मोठा प्रोसेसर घेऊन त्याला हलकी रॅम लावशील तर शिकण्यासारखं फारसं हातात राहत नाही.

उद्यमनगरी

संगणकातलं मला तुमच्याएवढं कळत नाही, पण शिवाजी उद्यमनगरात शॉप आहे, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन) आणि कॅडचे तीन पीसी सांभाळतो. मशीनवर स्पिंडलचा स्पीड वाढवला आणि फीड तोच ठेवला तर टूल नुसतं घासत राहतं. वर ताईंनी प्रोसेसर-रॅमचं जे सांगितलं ते मला तसंच दिसतंय.

कोल्हापूरच्या दृष्टीनं तीन गोष्टी बघा.

धूळ. फाउंड्रीच्या आसपास राहत असाल तर बिडाची बारीक भुकटी हवेत असते. ती वीज वाहते. आमच्या एका पीसीचा बोर्ड उघडला तेव्हा रॅमच्या खाचेत काळी मखमल बसल्यासारखी दिसत होती. कॅबिनेटला आत हवा घेणारे पंखे जास्त, बाहेर टाकणारे कमी ठेवा, आणि आत घेणाऱ्या प्रत्येक पंख्याला जाळी लावा. फटींतून धूळ ओढली जात नाही.

अर्थिंग. जुन्या घरांत प्लगला तिसरी पिन असते, मागं वायरच नसते. इलेक्ट्रिशियन बोलावून तपासून घ्या.

आणि यूपीएस. वळवाच्या पावसात संध्याकाळी लाइट कशी जाते-येते ते सगळ्यांना माहीत आहे. बायोस अपडेट करताना लाइट गेली तर बोर्ड गेला समजा.

पाचगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रायझनकडं वळतोय. अजून दोन शंका.

एक, ७६००, ७६००एक्स आणि ९६००एक्स यातलं काय?

दोन, २०२५ च्या अखेरपासून रॅमचे भाव भडकलेत. ८ च्या दोन स्टिक घेऊन नंतर वाढवल्या तर? किंवा १६ ची एकच आता आणि एक पुढच्या दिवाळीत?

टायमिंगवाली

दोन्ही नको.

डीडीआर५ मध्ये ८ जीबीच्या स्टिकवर सहसा रुंद प्रकारच्या चारच चिप असतात आणि त्यांत बँक ग्रुप (काम वाटून घेणारे चिपमधले गट) निम्मे, आठऐवजी चार. त्यामुळं वेग आणि टायमिंग सारखं लिहिलेलं असूनही ती मागं पडते. एकच १६ लावलीस तर दुसरं चॅनल रिकामं, म्हणजे रुंदी अर्धी; काउंटर-स्ट्राइकसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या खेळात फ्रेम लगेच पडतात. आणि दिवाळीत घेतलेली दुसरी स्टिक, मॉडेल नंबर तोच असला तरी, आतून वेगळ्या चिपची निघू शकते. दोन स्टिकची जोडी एकाच पाकिटातली असावी.

१६ च्या दोन, एका पाकिटात. त्यासाठी बोर्डावरचे दिवे, काच, रंग काय सोडायचं ते सोड. भाव फारच ताणत असेल तर सीएल३६ ची १६ च्या दोनची किट परवडली, पण ८ च्या दोन नाहीत.

सोल्डरगन

७६०० घे. एक्सची गरज नाही. ७६०० चा बूस्ट ५.१ गिगाहर्ट्झ, एक्सचा ५.३. पीबीओमध्ये (बूस्टच्या मर्यादा वाढवणारं एएमडीचं सेटिंग) वरची मर्यादा २०० मेगाहर्ट्झनं वाढवता येते, म्हणजे कुलूप कुठंच नाही. एक्सच्या आकड्यापर्यंत तू स्वतः पोचतोस. तुला हेच तर शिकायचंय. कंपनीच्या आकड्यात ७६०० ६५ वॅटचा, एक्स १०५ चा. खोक्यात छोटा कूलर येतो, तो पहिल्या चालू-बंदला वापर. ओव्हरक्लॉकिंगला १२० मिलिमीटर पंख्याचा एक टॉवर कूलर घे, पाण्याचा नको. ९६००एक्स पैसे उरले तरच, तो नवा आहे आणि कोअरमागं वेगवान आहे.

बोर्ड बी६५० च. ए६२० वर रॅम वाढवता येते पण प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग बंद असतं, स्वस्त दिसला म्हणून फसू नकोस. मागं बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड बघ; प्रोसेसर न बसवता पेनड्राइव्हनं बायोस बदलता येतो. आणि बायोस नवाच टाक. २०२३ मध्ये काही ७८००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले होते, त्यानंतर एएमडीनं एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. अगदी जुन्या बायोसमध्ये ती नसते.

सॉकेटमधल्या पिनांना बोट लावायचं नाही. माझ्याकडं येणाऱ्या एएम५ बोर्डांत वाकलेली पिन हे नेहमीचं दुखणं आहे. प्रोसेसर सरळ ठेव, सरकवू नकोस, वरची काळी टोपी दांडी बंद करताना आपोआप उडते. ती टोपी जपून ठेव, वॉरंटीला लागते.

रंकाळा_व्ह्यू

ब्लेंडरपुरतं माझं मत अजून तेच आहे, पण ७० हजारांत रॅमसुद्धा चांगली यायची असेल तर सोल्डरगन म्हणतात ते पटतं. एक विचारतो, ७८००एक्स३डी कुणी कसा काढला नाही? गेमिंगला त्याच्यापुढं हे काहीच नाही.

जुनाजाणता

गेमिंगला उत्तम, वाद नाही. पण त्याचा मल्टिप्लायर बंद, आणि ९६ एमबीच्या कॅशमुळं (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) रॅमच्या टायमिंगचा परिणाम त्यावर कमी दिसतो. शिकणाऱ्याला परिणाम दिसला पाहिजे. हाच सॉकेट आहे, पुढं कधीतरी तो याच बोर्डावर बसेल.

पाचगावकर

सामान आलं. ७६००, बी६५० (फ्लॅशबॅकवाला), ६००० सीएल३० ची १६ च्या दोनची किट, टॉवर कूलर. काल रात्री जोडून चालू केलं. पंखे फिरतायत, पण स्क्रीन काळी आणि बोर्डावर डीरॅमचा दिवा लागून राहिलाय. रॅम गेलेली असेल का?

सोल्डरगन

काही गेलेलं नाही. बंद करू नकोस. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, प्रत्येक तारेचा ताळमेळ जुळवतो. ३२ जीबीला दहा मिनिटंसुद्धा लागू शकतात, मधे स्वतःहून बंद-चालूही होईल. अर्धा तास झाला तरी दिवा तोच असेल तर स्टिका प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का बघ, नीट कट्ट आवाज येईपर्यंत दाब. तरीही नाही तर एकच स्टिक दुसऱ्या खाचेत लावून चालू कर.

पाचगावकर

झालं चालू! थांबल्यावर आपोआप बायोस आला. रॅम ४८०० दाखवतोय.

टायमिंगवाली

अभिनंदन! ४८०० हा डीडीआर५ चा मूळ वेग, एक्स्पो लावेपर्यंत तोच दिसतो. आता घाई करू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर बिघडल्यावर कशानं बिघडलं ते कळणार नाही.

आधी सगळं मूळ सेटिंगवर ठेवून सिनेबेंचचा (प्रोसेसरच्या वेगाची चाचणी) आकडा, रॅमचा उशीर आणि तापमान वहीत लिहून ठेव. मग फक्त एक्स्पो. एसओसी व्होल्टेज किती झालं ते बघ, बोर्ड १.२५ किंवा त्याहून जास्त देतात, ६००० ला बऱ्याचदा १.२ पुरतं. रात्रभर मेमटेस्ट८६ लाव. एकसुद्धा चूक आली तर ते सेटिंग नापास. "गेम तर चालतोय" याला अर्थ नाही. रॅमची चूक हळूच फाइलमध्ये शिरते, आणि तुझं सॉलिडवर्क्सचं प्रोजेक्ट उघडेनासं झालं की मग कळतं.

रॅम पक्की झाल्यावरच प्रोसेसर. कर्व्ह ऑप्टिमायझर उणे १० पासून सुरू कर. प्रत्येक अंक साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करतो. व्होल्टेज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून बूस्ट जास्त वेळ टिकतो. इथं एक खोच आहे: उणे जास्त झालं तर पीसी पूर्ण लोडवर पडत नाही, रिकामा बसलेला असताना किंवा ब्राउझर उघडताना पडतो, कारण एकट्या कोअरला सगळ्यात वरचा वेग तेव्हाच मिळतो. म्हणून कोअरसायकलरनं एकेक कोअर वेगळा तपास.

शेवटी दुय्यम टायमिंग. यातला टीआरईएफआय कोल्हापूरकरांनी नीट समजून घ्यावा. रॅमच्या पेशीतला विद्युतभार गळत असतो, तो ठरावीक अंतरानं भरावा लागतो. ते अंतर म्हणजे टीआरईएफआय. ते वाढवलं की रॅम भरण्यात कमी आणि कामात जास्त वेळ घालवते, उशीर छान उतरतो. पण उष्णता वाढली की गळतीही वाढते. जानेवारीतल्या रात्री ६५५३५ वर पास झालेली रॅम एप्रिलच्या दुपारी, खोलीत ३८ अंश असताना, चुका देऊ लागते. स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतो. लोडवर ५० च्या खाली ठेवायचा प्रयत्न कर. टेस्ट भर दुपारी, पंखा बंद करून आणि ग्राफिक्स कार्डही तापवून घे. तिथं पास झालं तर वर्षभर झोप लागते.

सोल्डरगन

आणि पक्कं झालेलं प्रत्येक सेटिंग बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून सेव्ह कर, शिवाय स्क्रीनचा फोटो मोबाइलमध्ये. बायोस अपडेट झाला की प्रोफाइल बहुतेक वेळा उडतात.

पाचगावकर

आत्तापर्यंतचं कळवतो. एक्स्पो लावल्यावर मेमटेस्ट८६ स्वच्छ पास. एसओसी १.२ वर आणलं, पुन्हा पास. उशीर ४८०० च्या मानानं भरपूर उतरला, आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये धुरात शिरताना जो झटका बसायचा तो जवळपास गेला. सरासरी फ्रेमपेक्षा हा फरक मला जास्त जाणवला.

पीबीओ अधिक २००, सगळे कोअर उणे २० वर ठेवले तर सिनेबेंच आर२३ १४ हजारांवरून १५ हजारांच्या जरा वर गेलं. पण कोअरसायकलरमध्ये एक कोअर सारखा नापास होत होता, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया एररसुद्धा (हार्डवेअर चुकल्याची नोंद) येत होती. त्या एका कोअरला उणे ८ वर आणलं, बाकीचे २० वरच. आता शांत आहे. विशेष म्हणजे बायोस ज्याला सगळ्यात चांगला कोअर म्हणतो, तोच हा.

टायमिंगवाली

बरोबरच आहे. चांगल्या कोअरला कंपनीनं आधीच कमी व्होल्टेज दिलेलं असतं आणि वेगही त्यालाच सगळ्यात जास्त मिळतो. त्यातून काढायला कमी उरतं. एकेका कोअरचा आकडा वेगळा लावलास, हे फार चांगलं केलंस. टीआरईएफआयला हात मात्र ऊन वाढल्यावरच लाव.

कागलकर

धागा वाचतोय. माझ्याकडं हाच बोर्ड, १६ च्या दोन आहेत, ६००० वर. रेंडरला ३२ कमी पडतात. तशाच अजून दोन लावू का?

टायमिंगवाली

नको. चार स्टिका झाल्या की एएम५ वर अधिकृत वेग ३६०० वर येतो. हातानं वर नेता येतो, पण ६००० धरून बसेल असं गृहीत धरू नका. ३२ च्या दोनची किट घ्या आणि सध्याची जोडी विका. सध्याच्या भावात जुनी रॅमही हातोहात जाते.

सोल्डरगन

विकायच्या आधी नवी किट लावून रात्रभर टेस्ट घ्या, मगच जुनी सोडा.